सनद नसलेलं काम

भंडारा
२१ जुलै २०२४

तीर्थरूप आईस,

रीनाचा सविनय जय भीम. मामाजींनाही या सुनेचा जय भीम सांगा आणि त्यांचा खोकला कसा आहे ते खरं खरं लिहा. मागच्या वेळी तुम्ही "बरा आहे" एवढंच लिहिलं होतं. तुमचा "बरा आहे" मला चांगला ठाऊक आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की घरमालकीण शकुंतलाबाई खिडकीत येऊन उभी राहते. म्हणून हे पत्रच बरं. शिवाय तुमचं अक्षर दिवसेंदिवस असं वळणदार होत चाललं आहे की रुचिता म्हणते, "आजी माझा अभ्यास लिहून देईल का?" म्हातारपणी साक्षरता वर्गात जाऊन शिकलेल्या बाईचं हे अक्षर आहे, हे तिच्या मैत्रिणींना खरंच वाटत नाही.

रुचिता नववीत गेली. उंची माझ्या कानापर्यंत आली आहे. गणितात रमते, भाजी निवडायला सांगितलं की मात्र तिला अभ्यास आठवतो. तुम्ही आम्हा दोघींना आसगावहून भंडाऱ्याच्या बसमध्ये बसवलं तेव्हा ती बालवाडीतली पोर होती. तुमचा विनोद ट्रक घेऊन गेला तो परतला नाही, आणि सारं गाव म्हणत होतं की सुनेनं घरी बसून नवऱ्याची वाट पाहावी. सासू असून तुम्ही एकट्याच म्हणालात, "वाट पाहणं हे काही काम नाही वं. तू जा. शिकजो." त्या वाक्यावर मी आजवर चालते आहे.

तुम्ही विचारलं आहे की हे समाजकार्याचं एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी नेमकी कोण होणार. "वकिलाले सनद भेटते, नर्सबाईचं नाव रजिस्टरात चढते, तुले काय भेटन?" खरं सांगू? पदवी मिळेल, गुणपत्रिका मिळेल, पण सनद नाही. आमच्या कामाला तसा परवाना आपल्याकडे नाही. असावा म्हणून शिकलेले लोक कधीपासून मागणी करून राहिले आहेत. पहिल्याच वर्षी एका मुलानं हेच विचारलं होतं, "मॅडम, सनद नाही तर आम्ही चुकलो तर आमच्याकडून काढून काय घेतील?" आम्हाला शिकवणाऱ्या स्वाती मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काढून घ्यायला काही नाही, म्हणून तर तुम्हाला नियम जास्त पाठ पाहिजेत." मग त्यांनी नियम सांगितले. समोरच्यानं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायचं नाही. तो आपल्याकडे आला आहे हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही. आपल्या नात्यातल्या माणसाची केस आपण घ्यायची नाही. परीक्षेत हे सगळं लिहिलं की पूर्ण मार्क मिळतात. मलाही मिळाले होते.

माझं या वर्षीचं क्षेत्रकार्य, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस बाहेरच्या संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं ते, व्यसनमुक्ती केंद्रात लागलं होतं. काम मनापासून आवडलं होतं. तिथले समुपदेशक जागेश्वर सर स्वतः एकेकाळी दारूत बुडालेले. ते म्हणाले होते, "रीनाताई, परीक्षा झाली की इथेच या, आम्हाला तुमच्यासारखी बाई हवी आहे." मी मनातल्या मनात टेबलसुद्धा निवडून ठेवलं होतं.

आता मी तिथे जात नाही. मीच कॉलेजला अर्ज करून जागा बदलून घेतली. आता सरकारी दवाखान्यात समाजसेवा विभागात जाते. तिथलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, केलेले अहवाल बाजूला ठेवावे लागले, आणि नोकरीचं ते बोलणंही संपलं. कारण लिहिण्यासारखं नाही. मी काही चुकीचं केलेलं नाही, एवढं मात्र पक्कं समजा.

गुडघ्याला तेल लावत जा. धानाच्या बांधीत उतरायची घाई करू नका. अजून एक विचारायचं होतं, पण राहू द्या.

रुचिताचा आजीला गोड पापा.

तुमची,
रीना


भंडारा
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आईस,

सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, मग बसून.

चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवणारा बाबुलाल आसगावला आला, आणि त्यानं मामाजींना सांगितलं की बालाघाटकडच्या रस्त्यावर गाडी उलटून एक ड्रायव्हर गेला, त्याचं नाव विनोद होतं, आणि बेवारस म्हणून तिकडेच त्याचं सगळं आटपलं. मामाजी म्हणाले, "माझ्या डोळ्यासमोर पोराचं करून टाका, म्हणजे मी मोकळा होतो." दसरा झाला की भन्तेजींना बोलवायचं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करायचा, गावाला जेवण द्यायचं. मी आणि रुचितानं पांढऱ्या साड्या नेसून फोटोपुढे बसायचं. तुम्ही लिहिलं आहे, "सगळ्या पाहुण्यायले कळवलं, तू आदल्या दिवशीच येजो."

आई, मी येणार नाही.

रागावून लिहीत नाही. समजून, विचार करून लिहिते आहे. बाबुलालनं स्वतः काही पाहिलेलं नाही. त्यानं ढाब्यावर ऐकलं, ढाब्यावरच्यानं आणखी कुणाकडून ऐकलं. पोलिसांचा कागद नाही, दवाखान्याचा कागद नाही, अंगावरचं एक कापडसुद्धा कुणी आणून दाखवलं नाही. या रस्त्यांवर विनोद नावाचे किती ड्रायव्हर असतील! एवढ्यावर मी माझ्या कपाळावर त्याचं मरण लिहून घेणार नाही, आणि रुचिताला बापाच्या फोटोपुढे बसवणार नाही. तिच्या डोक्यात एकदा बाप मेला की तो तिथे कायमचा मेला.

लोक बोलतील. बोलू द्या. "शिकली अन् माजली" असं म्हणतील. मामाजींचा तर राग मला इथून दिसतो. त्यांना सांगा, सून म्हणून नाही, शिकलेली बाई म्हणून रीना सांगते आहे की पुरावा नसताना माणसाला मेलेला धरू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, "तुले काही ठाऊक आहे का वं? खरं सांगजो." या प्रश्नाचं उत्तर या पत्रात नाही. हो नाही, आणि नाहीसुद्धा नाही. मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही, म्हणूनच लिहीत नाही. आजवर तुम्ही माझ्यावर जेवढा विश्वास ठेवला, तेवढाच आणखी काही दिवस ठेवता आला तर ठेवा. नाही ठेवता आला तरी मी समजून घेईन.

दवाखान्यातलं एक सांगते. साकोलीकडची एक म्हातारी वॉर्डात पडून होती. बरी झाली, पण न्यायला कुणी येईना. मुलांचे फोन बंद. डॉक्टर म्हणाले, "रीनाताई, बहीण आहे म्हणते, तिच्याकडे धाडून द्या." बहीण मी शोधून काढली, ती न्यायला तयारही झाली. पण म्हातारीला अजून कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, "आजी, बहिणीकडे जाता का?" ती म्हणाली, "तिच्याकडं नाही जात. तिचा नवरा मले टोचून बोलते. माझ्या भाचीले बोलवा." भाची आली, आणि म्हातारी तिचा हात धरून हसत गेली. आपण बऱ्यासाठीच करत असतो, तरी ज्याचं आयुष्य त्याला आधी विचारावं लागतं. हे पुस्तकात वाचलं तेव्हा सोपं वाटलं होतं.

रुचिताला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही लिहू नका.

तुमचा राग अंगावर घेऊन,
रीना


भंडारा
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई आणि मामाजी,

दोघांना जय भीम.

आई, हे पत्र उभ्यानं वाचू नका. छपरीतल्या खाटेवर बसा, मामाजींना जवळ बोलवा, आणि मग मोठ्यानं वाचा.

विनोद जिवंत आहे. भंडाऱ्यात आहे. त्याची तब्येत पूर्वीपेक्षा बरी आहे.

पाणी प्या आणि मग पुढचं वाचा.

जुलैमध्ये मी व्यसनमुक्ती केंद्रात होते तेव्हाची गोष्ट. नवीन आलेल्या माणसाची माहिती लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. दोन ट्रक ड्रायव्हर एका माणसाला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. हाडं निघालेली, दाढी वाढलेली, हात थरथरत होते. मी वर न पाहताच विचारलं, "नाव?" त्यानं नाव सांगितलं. मग गाव सांगितलं. मी वर पाहिलं.

त्यानं मला ओळखलं नाही, आई. म्हणाला, "मॅडम, थोडं पाणी भेटन का?"

मी पाणी आणून दिलं. ग्लास त्याला धरता येईना, म्हणून मी धरला. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि जागेश्वर सरांना सांगितलं, "सर, ही केस मी घेऊ शकत नाही. हा माझा नवरा आहे." सरांनी माझ्या हातातला माहितीचा कागद आपल्याकडे घेतला. मग म्हणाले, "ताई, तुम्ही घरी जा. याला मी पाहतो." दुसऱ्या दिवशी स्वाती मॅडमना सांगितलं आणि जागा बदलायचा अर्ज दिला. जी बायको आहे तिनं त्याच्या फाइलच्या आसपासही असू नये, हे त्याच्यासाठी बरोबर होतं. आणि माझ्यासाठीही.

आता तुम्ही म्हणाल, मग मले काहून नाही सांगितलं? पोटच्या पोराची खबर तू आपल्यापाशी ठेवून कशी बसली?

जागेश्वर सरांनी त्याला शुद्धीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, घरी कळवायचं का? तो म्हणाला, "नाही. कोणालेच नाही. मेलो असंच समजू द्या." त्याला तसं म्हणायचा हक्क आहे. केंद्रात तो आला ते तिथली गोष्ट बाहेर जाणार नाही या भरवशावर. मी नात्यातली असले तरी मला ते कळलं ते त्या खुर्चीवर बसले होते म्हणून. बाजारात दिसला असता तर त्याच दिवशी धावत आसगावला आले असते.

मनात आलं नाही असं नाही. तुमचं पुण्यानुमोदनाचं पत्र आलं तेव्हा तर फार आलं. सांगून टाकावं. कोण विचारणार आहे? सनद नाहीच तर काढून कोण घेणार? रुचिता समोर बसून जेवत होती, आणि मध्येच म्हणाली, "आई, बाबा दिसायला कसे होते?" मी तिला सांगितलं, उंच होते, हसले की डोळे बारीक व्हायचे. "होते" म्हणाले, कारण "आहेत" म्हणता येत नव्हतं. त्या घासाची चव अजून तोंडात आहे.

पण मग हेही कळत होतं की मी आज तोंड उघडलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी असाल, मामाजी बरोबर असतील, आणि तो मागच्या भिंतीवरून उडी मारून जाईल. मग कुठल्या नाल्याशी सापडेल कोण जाणे. तुम्हाला पोराची खबर मिळाली असती, पोरगा मिळाला नसता.

म्हणून मी स्वाती मॅडमकडे गेले. विचारलं, "मॅडम, आतलं बाहेर न्यायचं नाही हे मान्य. बाहेरचं आत नेता येतं का?" त्या म्हणाल्या, "त्याच्या घरच्यांनी काय ठरवलं आहे ते त्याला कळायला हवं. पण तुम्ही नाही सांगायचं, जागेश्वर सांगतील. आणि त्यावर तो काय करेल हे आपल्या हातात नाही."

सरांनी त्याला सांगितलं की घरी तुझं पुण्यानुमोदन ठरत आहे. त्याच संध्याकाळी तो केंद्रातून निघून गेला. सरांनी बसस्टँड पाहिलं, दारूची दुकानं पाहिली, कुठेच नाही. त्या दिवशी मला वाटलं, रीना, तुझ्या नियमानं माणूस घालवला. तरीही मी तुम्हाला लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या पायांनी परत आला. प्यायलेला नव्हता. वैनगंगेच्या पुलाजवळ बसून होता म्हणे. सरांना म्हणाला, "बा म्हणाला होता, तू मेला तरी तोंड दाखवू नको. म्हणून मी आलो नाही. आता बा सोताच गावजेवण देऊन राहिला, तर म्या जावं का नोको?" सर म्हणाले, "ते तू ठरव." त्यानं ठरवायला बरेच दिवस घेतले. केंद्राच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचा, भांडी घासायचा आणि ठरवायचा. मधे एकदा म्हणाला, "बाले सांगा, जेवण देऊ नका, मी असताना तांदूळ कायले खराब करता." सर हे सांगताना हसले, आणि मीही हसले. किती दिवसांनी विनोदच्या बोलण्यावर हसले ते मलाच आठवेना.

मामाजी, त्या वाक्याबद्दल तुम्हाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. त्या काळात तो घरात काय करत होता ते मी पाहिलं आहे, माझ्या अंगावर पाहिलं आहे. पण तो इतकी वर्षं ते वाक्य जवळ ठेवून फिरत होता, हे तुम्हाला माहीत असावं.

काल त्यानं जागेश्वर सरांसमोर आणि स्वाती मॅडमसमोर सांगितलं, "घरी कळवा." आणि मग म्हणाला, "पण रीनानं लिहावं. माय तिचंच खरं मानते." जुलैमध्ये पाणी देणारी मॅडम मी होते, हे त्याला आता ठाऊक आहे. त्यानं माझी माफी मागितली. मी ऐकून घेतली. त्याबद्दल आज एवढंच.

आता नीट ऐका. त्यानं हो म्हटलं म्हणजे तुम्ही हो म्हणायलाच पाहिजे असं नाही. तुम्हालाही विचारलं पाहिजे, म्हणून जुलैच्या पत्रात राहू दिलं होतं ते आता विचारते. त्याला भेटायचं आहे का? घरात घ्यायचं आहे का? आज नको वाटलं तर नको म्हणा, जागेश्वर सर त्याला तसं समजावतील. भेटायचं असेल तर पहिल्यांदा तुम्ही दोघंच या. पाहुणे, शेजारी कुणी नको. कुठे होता, काय करत होता, हे पहिल्या दिवशी विचारू नका. रडू आलं तर रडा.

रुचिताला मी आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. ती माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

आई, दसऱ्यापासून तुमचं पत्र नाही. रुचिताचे कपडेही तुम्ही दुसऱ्याच्या हाती पाठवले, चिठ्ठीशिवाय. मी समजले. माझ्या नकारामुळे कार्यक्रम थांबला आणि मामाजींना चारचौघांत खाली पाहावं लागलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण परत तशी वेळ आली तर मी परत तसंच करेन. हे तुमच्यापासून लपवायचं नाही, म्हणून लिहिलं.

उत्तराची वाट पाहते.

तुमची,
रीना


तुमसर
१५ जून २०२५

तीर्थरूप आईस,

सविनय जय भीम.

पत्त्यावरून कळलंच असेल, आम्ही तुमसरला आलो. महिला समुपदेशन केंद्रात मला काम मिळालं. राइस मिलमध्ये काम करणाऱ्या बायका जास्त येतात. पहिल्या दिवशी एक बाई दारातच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या नवऱ्याले तं नाही सांगसान ना?" मी म्हणाले, "तुम्ही हो म्हणेपर्यंत तुमच्या सावलीलाही सांगणार नाही." ती आत आली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

रुचिता दहावीत. नवीन शाळा, नवीन मैत्रिणी, जुनंच गणित. माझ्याशी बोलते, भांडतेही. परवा म्हणाली, "तू तेव्हा सांगितलं नाहीस ते मला अजून पटलं नाही." मी म्हणाले, "नको पटू देऊ. पण मी तुझीही गोष्ट अशीच सांभाळेन." त्यावर ती हळूच काही तरी सांगायला बसली. काय ते लिहीत नाही.

परीक्षेचं तुम्ही विचारलं होतं. पास झाले, पहिल्या श्रेणीत. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर होते, केस पांढरे, आवाज चढा. फाइल उलटी सुलटी करून म्हणाले, "व्यसनमुक्ती केंद्रातलं काम अर्धवट का?"

मी म्हणाले, "एक माणूस माझ्या जवळच्या नात्यातला निघाला, म्हणून मी तिथून बाहेर पडले."

"आणि घरच्यांना कळवलं?"

"नाही सर. तो हो म्हणेपर्यंत नाही."

"म्हणजे त्याच्या आईला तुम्ही महिनोन् महिने अंधारात ठेवलं? हे समाजकार्य आहे? माणुसकी काही असते की नाही?"

स्वाती मॅडम खाली पाहत होत्या. मी म्हणाले, "सर, त्याच्या आईला मी माझी आई म्हणते. मला सांगावंसं वाटलं नसेल असं तुम्हाला वाटतं का? पण तिचं दुःख हलकं करायला मी त्याचा भरवसा मोडला असता, तर उद्या माझ्यापुढे दुसरं कुणी खरं बोललं नसतं. सनद नाही म्हणून नियम माझ्या सोयीनं वाकवता येत नाही."

ते म्हणाले, "मला हे पूर्ण मान्य नाही." मी म्हणाले, "हो सर." मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मान्य नसूनही मार्क चांगले दिले. माणूस सरळ वाटला.

आता विनोदचं, तुम्ही दोघं येऊन त्याला आसगावला घेऊन गेलात त्यानंतरचं. तुम्ही लिहिलं आहे की फेब्रुवारीत लग्नाच्या घरी एकदा प्यायला, आणि दुसऱ्याच दिवशी कुणी न सांगता एकटा बसमध्ये बसून जागेश्वर सरांकडे गेला. तो प्यायला याचं दुःख करू नका. तो गेला याकडे पाहा. पूर्वी तो पिऊन निघून जायचा, आता पिऊन परत आला. पुन्हाही घसरेल कदाचित. तेव्हा मामाजींनी ते जुनं वाक्य म्हणू नये, एवढं तुम्ही बघा. मामाजी आणि तो दोघं बोलत नाहीत पण एकाच बांधीत धुऱ्यावर माती चढवतात, हे वाचून मला हसू आलं. बापलेकांना बोलायची घाई नसते.

रुचितानं त्याला भेटायला यायचं की नाही ते तीच ठरवते. मागच्या खेपेला आली, पुढच्या खेपेला नाही म्हणाली, असं होईल. तिला ओढू नका.

आणि आता ते, जे तुम्ही शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात विचारलं आहे. "आता तं तो सुधरला. नांदायले येशील ना वं?"

आई, नाही.

मी त्याचा राग सोडला आहे. तो बरा व्हावा असं मनापासून वाटतं, आणि त्यासाठी जागेश्वर सरांना जी मदत लागेल ती मी करेन. पण तो बरा होणं आणि मी परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आले नाही म्हणून तो बिघडला, असं उद्या कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, ज्याची दारू त्याची आणि जिचं आयुष्य तिचं. आमचं कायद्यानं मोकळं व्हायचं काय ते आम्ही दोघं समोरासमोर बसून ठरवू. त्याला मी हे आधीच सांगितलं आहे. तो म्हणाला, "मले ठाऊक होतं." तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, कारण तुमचं मन मोडणं मला सगळ्यात अवघड जातं. ज्या बाईनं मला बसमध्ये बसवलं, तिला कसं लिहू की मी त्या बसमधून परत उतरणार नाही? पण तुम्हीच शिकायला पाठवलं आणि मी हेच शिकले.

तुमच्याकडे मी येणारच. सून म्हणून नसले तरी तुमच्या ताटात जेवायचा माझा हक्क मी सोडलेला नाही, तो कुणाला हिरावूही देणार नाही.

हे पत्र तुम्ही नेहमीप्रमाणे मामाजींना मोठ्यानं वाचून दाखवाल. त्यांचं मन राखायला मधला तो "नाही" हळू वाचू नका, गिळू तर अजिबात नका. विनोद अंगणात असला तर त्यालाही ऐकू जाऊ द्या.

तुमच्याच शब्दावर उभी,
रीना